सायकलसोबत २० किलोमीटर: कुत्र्याला एडी टेस्टसाठी तयार कसं करायचं

एडी म्हणजे कुत्र्याच्या दमसासाची टेस्ट. तिच्यात नक्की काय असतं ते आधी सांगतो, कारण नाव ऐकलेलं असतं पण आकडे बऱ्याच जणांना माहीत नसतात. कुत्रा लीशवर, हॅन्डलर सायकलवर, एकूण २० किलोमीटर, स्पीड ताशी १२ ते १५. पहिले ८ किलोमीटर झाले की १५ मिनिटं ब्रेक, मग ७ किलोमीटर आणि २० मिनिटं ब्रेक, मग उरलेले ५. शेवटी १५ मिनिटं विश्रांती आणि त्यानंतर थोडं आज्ञापालनाचं काम, म्हणजे एवढं पळून कुत्र्याचं डोकं अजून जागेवर आहे का ते जज बघतात. मार्क नाहीत, पहिला दुसरा नंबर नाही, पास किंवा नापास. वय कमीत कमी १६ महिने लागतं, गाभण किंवा माजावर आलेली मादी चालत नाही. एफसीआयची (कुत्र्यांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमावली मधूनमधून बदलते, त्यामुळे ज्या क्लबकडे टेस्ट देणार त्यांच्याकडून चालू वर्षाची प्रत मागून घ्या आणि स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

ही टेस्ट मूळची जर्मन शेफर्डवाल्यांची. माक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये जर्मनीत एसव्ही हा जर्मन शेफर्डचा क्लब काढला तेव्हा त्यांच्यासमोर होता तो मेंढ्यांवरचा कुत्रा, जो दिवसभर कळप आणि शेजारचं उभं पीक यांच्या मधून येरझाऱ्या घालायचा, मेंढ्यांना पिकात घुसू द्यायचा नाही. ते काम भरधाव पळून होत नाही, ते दुडक्या चालीने होतं, तासन् तास. (आपल्याकडे धनगरांच्या कळपाबरोबर गावोगाव जाणारी कुत्री बघा, ती कधी उगाच धावताना दिसणार नाहीत, पण संध्याकाळपर्यंत किती चाललीत त्याचा हिशोब नाही.) त्यामुळे आजही एसव्हीच्या ब्रीड सर्व्हेला (कुत्रा पैदाशीला योग्य आहे का ही तपासणी) जायचं तर एडी पास असावं लागतं. हृदय, फुप्फुसं, सांधे, पंजे आणि स्वभाव, सगळं एका सकाळी तपासून होतं.

आता मुख्य मुद्दा. ही रेस नाही. लोक मैदानात बॉलमागे बाणासारखा सुटणारा कुत्रा घेऊन येतात आणि समजतात की हा काय २० किलोमीटर सहज मारेल, आणि तो पहिल्या ३ किलोमीटरमध्ये ओढून ओढून स्वतःला संपवतो. इथे शिकवायची गोष्ट एकच, एका लयीत ट्रॉट, म्हणजे तीच दुडकी चाल, धरून राहणं, आणि ती जितकी कुत्र्याने शिकायची असते तितकीच सायकल चालवणाऱ्यानेही.

कुठला कुत्रा, कुठला नाही

दीड वर्षाच्या आत लांब अंतर नाही म्हणजे नाही. मोठ्या जातींमध्ये हाडांच्या टोकाच्या ग्रोथ प्लेट बंद व्हायला साधारण १२ ते १८ महिने लागतात, त्याआधी डांबरावर एकसारखं पळवलं तर सांध्यांचं नुकसान होऊ शकतं आणि ते पुढे आयुष्यभर राहतं. १० महिन्यांचं पिल्लू कितीही दांडगं दिसलं तरी ते पिल्लूच. त्या वयात सायकलची ओळख करून द्या, शेजारून चालवा, बस.

पग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर अशी चपट्या नाकाची कुत्री या भानगडीत नकोतच, त्यांना साधं धापा टाकणंच जड जातं. कारवानी किंवा मुधोळ हाउंड असेल तर वेगळा प्रॉब्लेम, त्यांचं शरीर गॅलपसाठी, म्हणजे भरधाव पळण्यासाठी बनलंय, ताशी १३ च्या स्पीडला ते कंटाळतात आणि ससा दिसला की सायकल, तुम्ही आणि लीश सगळं घेऊन जातात. जमत नाही असं नाही, पण हौस असेल तरच. जीएसडी (जर्मन शेफर्ड), डोबरमन, मॅलिनॉय, सडपातळ लॅब, अंगाने नीट असलेला गावठी, हे सगळे छान तयार होतात. रॉटवायलर पण होतो, फक्त वजन बघा.

सुरू करायच्या आधी व्हेटकडे एक चक्कर मस्ट आहे. हृदय ऐकून घ्या, हिप आणि एल्बोचा एक्स-रे काढा, आणि रक्त तपासा. रक्तावर जोर देतो कारण आपल्याकडे टिक फीवर घरोघरी आहे, गोचीड चावून गेलेली असते, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, खातो पितो, पण प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन कमी, आणि मालक म्हणतो याला स्टॅमिनाच नाही. स्टॅमिना नाही की रक्त नाही हे रिपोर्ट बघितल्याशिवाय कळत नाही. ट्रेनिंगच्या मधेच कुत्रा अचानक सुस्त झाला तरी पहिला संशय हाच घ्या, जास्त पळवून उपाय करायला जाऊ नका.

वजनाचं साधं आहे, बरगड्यांवरून हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. शो लाइनच्या (डॉग शोसाठी पैदास केलेल्या) बऱ्याच कुत्र्यांना ३-४ किलो जास्तीचे लावून ठेवतात, भरीव दिसावा म्हणून. ते आधी उतरवा. पळवून नाही, वाटी कमी करून.

सामान

सायकल साधी चालेल, गिअरची असण्याची गरज नाही, पण पटकन पाय जमिनीला टेकला पाहिजे, म्हणून सीट एरवीपेक्षा थोडी खाली घ्या. ब्रेकची गंमत बघा, आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. कुत्रा उजवीकडे असेल तर लीश उजव्या हातात, म्हणजे थांबायला फक्त डावा हात आणि मागचा ब्रेक. तो ढिला असेल तर आधी सायकलवाल्याकडून घट्ट करून घ्या, नवीन ब्रेक शू टाका, शंभर दोनशे रुपयांची बचत इथे करू नका.

हार्नेस छातीवर इंग्रजी वायच्या आकाराचा घ्या, ज्यात खांद्याची हालचाल मोकळी राहते. छातीवरून आडवा पट्टा जाणारा नको, तो पुढचा पाय पूर्ण उघडू देत नाही आणि २० किलोमीटरमध्ये काखेत घासून जखम करतो. चोक चेन, काट्यांचा पट्टा सायकलवर अजिबात नाही. टेस्टला हार्नेस चालतो की कॉलर लागते ते क्लबला विचारा आणि शेवटचे दोन आठवडे त्याच गोष्टीवर प्रॅक्टिस करा. लीश दीड ते दोन मीटर, हातात सैल धरायची. मनगटाला गुंडाळायची नाही, हँडलला बांधायची नाही, कारण मांजर आडवी गेली की सुटायला हवी ती लीश, तुमचा खांदा नव्हे. सीटखालच्या पाइपला लावायचा स्प्रिंगवाला आर्म ऑनलाइन मिळतो, प्रॅक्टिसला तो मस्त आहे, झटका स्प्रिंग खाते आणि तुमचे दोन्ही हात हँडलवर राहतात. पण टेस्टला लीश हातात धरायचीच तयारी ठेवा.

बाकी एक स्पीडोमीटर किंवा मोबाइलवर ॲप, पुढे लाइट, मागे लाल लाइट, कुत्र्याच्या गळ्यात चमकणारा पट्टा (कारण आपण अंधारातच निघणार), २ लिटर पाणी, घडी होणारा बाउल, एक क्रेप बँडेज.

आणि स्कूटरला कुत्रा बांधून पळवणारे महाभाग सगळीकडे दिसतात, त्यांचे रील पण असतात. तसं करू नका. स्कूटरवर तुम्हाला चढ कळत नाही, उन्हाचा त्रास कळत नाही, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला सायलेन्सरचा धूर, आणि मूठ जरा जास्त फिरली की ताशी २५. सायकलवर निदान तुम्हालाही घाम फुटतो.

सायकलची ओळख

पहिले दोन आठवडे सायकल चालवायचीच नाही. अंगणात नाहीतर पार्किंगमध्ये उभी करून ठेवा, तिच्या शेजारी खाऊ द्या, चाक फिरवून आवाज ऐकवा, घंटी वाजवा, कुत्रा कान टवकारून परत तुमच्याकडे बघायला लागला की पुढची पायरी. सायकल डाव्या हाताने ढकलत चाला, तुम्ही मधे, कुत्रा तुमच्या उजवीकडे. वळा, थांबा, परत निघा. इथे तीन शब्द पक्के करायचे: निघायचा, हळू व्हायचा आणि थांबायचा. शब्द मराठी घ्या, इंग्रजी घ्या, शेफर्डवाल्यांसारखे जर्मन घ्या, कुत्र्याला फरक पडत नाही, फक्त घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. चौथी गोष्ट शिकवायची ती म्हणजे दुर्लक्ष करणं, डुक्कर असो, शेळी असो की वडापावचा कागद, तोंड वळवलं की शब्द टाकायचा, परत समोर बघितलं की शाबासकी.

मग सायकलवर बसून मोकळ्या जागी शे-दोनशे मीटर. कुत्रा पुढच्या चाकाच्या पुढे गेला नाही पाहिजे, ही सवय इथेच लागते, नंतर लावता येत नाही. नाक साधारण तुमच्या पॅडलच्या रेषेत, थोडं पुढे असलं तरी चालेल. टेस्टमध्ये थोडंसं पुढे ओढणं खपवून घेतात, सतत मागे रेंगाळणं नाही. पहिली शी-शू आधी उरकून घ्या, चालत, नाहीतर प्रत्येक खांबाला ब्रेक लागतो. सायकलवर बसलो की वास घेणं बंद, उतरलो की मोकळा, असा फरक कुत्र्याला आठवडाभरात समजतो.

ट्रॉट ओळखा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथेच लोक घाई करतात. ट्रॉटमध्ये पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकत्र पडतो, मग उलट जोडी, पाठ सपाट राहते, डोकं वरखाली होत नाही. नखांचा डांबरावरचा आवाज ऐका, टक-टक-टक-टक एकसारखा आला पाहिजे. आवाजाची लय तुटली, टडक-टडक यायला लागलं म्हणजे कुत्रा गॅलपमध्ये गेला, तुम्ही जास्त जोरात आहात. एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र पडायला लागले आणि कुत्रा डुलत चाललाय असं वाटलं तर तो पेसिंग करतोय, एक तर स्पीड चाल आणि ट्रॉटच्या अधेमधे कुठेतरी आहे नाहीतर तो दमलाय. सुरुवातीला शेजारून कोणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा, बसून बघा, दोन व्हिडिओत डोळा तयार होतो.

स्पीडचा सोपा हिशोब असा, एक किलोमीटरला ५ मिनिटं म्हणजे ताशी १२, एक किलोमीटरला ४ मिनिटं म्हणजे ताशी १५. या दोनच्या मधे राहायचं. मी म्हणेन १३ धरा. त्या स्पीडला पहिले ८ किलोमीटर साधारण ३७ मिनिटांत होतात, सगळं अंतर दीड तासाच्या आसपास, ब्रेक धरून दोन तासांच्या थोडं वर. सायकलवाल्याला १३ खूपच हळू वाटतं, हात शिवशिवतात, आणि समोर उतार आला की सायकल आपोआप १८ ला जाते. उतारावर मागचा ब्रेक दाबत राहायचं, चढावर कुत्र्याला ओढायला लावायचं नाही. कुत्रा नसताना एकट्याने दोन-चार वेळा २० किलोमीटर याच स्पीडने मारून बघा, तुमची लय बसली तरच त्याची बसेल.

महिने मोजायचे ते उलटे

नियमात तापमानाची मर्यादा आहे, २२ डिग्रीच्या वर टेस्ट घ्यायची नाही. जर्मनीत ही अट उन्हाळ्यापुरती आहे, आपल्याकडे तिचा अर्थ होतो की डिसेंबर-जानेवारीची पहाट. पुणे, नाशिककडे तेव्हा पहाटे छान गारठा असतो आणि लवकर सुरू केलं तर नऊच्या आत आटपतं. मुंबई आणि कोकणात थंडी जेमतेम आणि दमटपणा भरपूर, तिथल्या लोकांना तयारी जास्त सांभाळून करावी लागते.

म्हणजे जानेवारीची टेस्ट धरली तर सप्टेंबरला सुरू करा. सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे वर सांगितलेली ओळख, त्यानंतर दीड ते तीन किलोमीटर, आठवड्यातून तीन दिवस, एक आड एक. मधल्या दिवशी साधं फिरणं, जमलं तर विहिरीत किंवा तळ्यात पोहणं (पण पावसाळ्यात साचलेलं घाण पाणी नको, लेप्टोची भीती असते, लस घेतलेली असली तरी). ऑक्टोबर हीटमध्ये अंतर मुद्दाम कमी ठेवा, ४-५ किलोमीटर, पहाटे साडेपाचला निघून उजाडायच्या सुमारास घरी. लोकांना वाटतं महिना वाया गेला, पण या महिन्यात स्नायूबंध आणि पंजे तयार होतात, त्यांना हृदयापेक्षा जास्त वेळ लागतो. दम लवकर वाढतो आणि कुत्रा आणखी पळायला तयार दिसतो, तेव्हाच हात आखडता घ्यायचा.

नोव्हेंबरला हवा बदलली की वाढवा, आठवड्याला फक्त एक लांब राइड, ६, मग ८, मग १०. बाकीचे दोन दिवस त्याच्या निम्म्याने. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून कुत्र्याला सुटी द्या. ८ च्या पुढे गेलात की टेस्टसारखा ब्रेक घालायला लागा, कारण ब्रेक हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, काही कुत्री १५ मिनिटं उभी राहून भुंकण्यात घालवतात आणि दुप्पट दमतात. सावलीत बसवा, पाणी द्या, आडवा होऊ द्या, आणि परत निघताना थेट ट्रॉट नाही, दोन-तीन मिनिटं चालवून मग. डिसेंबरमध्ये १२, १४, १६. एकदा १८ पर्यंत झाले की पुरे, घरी पूर्ण २० मारलेच पाहिजेत असं काही नाही. टेस्टच्या आधीचे १० दिवस कमी करत आणा, शेवटच्या आठवड्यात ५-६ किलोमीटरच्या दोन हलक्या राइड, आणि आदल्या दिवशी फक्त फिरणं.

एखादा आठवडा चुकला, ताप आला, पाहुणे आले, तर जिथे सोडलं तिथून नाही, एक पायरी खाली येऊन सुरू करायचं. चुकलेले किलोमीटर रविवारी एकदम भरून काढणारे लोक नंतर लंगडणारा कुत्रा घेऊन व्हेटकडे बसलेले असतात.

रस्ता कुठला

नियमाप्रमाणे कुत्रा सायकलच्या उजव्या बाजूला पळतो. जर्मनीत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे कुत्रा आपोआप रस्त्याच्या कडेला, ट्रॅफिकपासून लांब. आपण डावीकडून चालवतो, म्हणजे तोच कुत्रा बरोब्बर गाड्यांच्या बाजूला येतो! म्हणून वाहता रस्ता असेल तर प्रॅक्टिस डाव्या बाजूने करा आणि उजवी बाजू बंद रस्त्यावर शिकवा. टेस्टला कुठली बाजू धरणार ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा. दोन्ही बाजूंनी पळवायची सवय शरीरालाही चांगली, एकाच बाजूने मान वळवून पळण्यातून सुटका होते.

कॅनॉलच्या कडेचा रस्ता, शेतातला गाडीरस्ता, रविवारी रिकामे पडलेले एमआयडीसीचे रस्ते, नवीन लेआउटमधले घरं न झालेले रस्ते, हे बेस्ट. निम्मं अंतर मातीवर करा. पण सगळंच मातीवर नको, टेस्टमध्ये डांबर पण असतं आणि कच्चा रस्ता पण, पंजांना दोन्हीची ओळख हवी.

आणि भटकी कुत्री. यावर परदेशी व्हिडिओ तुम्हाला काहीच सांगणार नाहीत. एक तर सायकल दिसली की ती मागे लागतात, त्यात शेजारी परका कुत्रा, म्हणजे गल्लीची सगळी पंचायत बाहेर. पळून जायचा प्रयत्न करू नका, पळणाऱ्याचा पाठलाग होतोच, शिवाय तुमचा कुत्रा गॅलपमध्ये जाऊन ट्रेनिंगचा बट्ट्याबोळ. स्पीड कमी करा, उतरा, सायकल त्यांच्या आणि तुमच्या कुत्र्याच्या मधे आडवी धरा, मोठ्या आवाजात दरडावा आणि शांतपणे चालत त्यांची हद्द ओलांडा. हद्द संपली की ती थांबतात. रूट आधी कुत्र्याशिवाय दोनदा फिरून बघा म्हणजे कुठल्या वळणावर कोण बसतं ते कळतं, एखादा टप्पा फारच बेकार असेल तर रस्ता बदला. रेबीजची लस अर्थातच वेळेवर, कुत्र्याची. आणि तुम्हाला चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना, लस चालू करायची.

ऊन

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांतून येतो, बाकी सगळं थंड होणं जिभेवरून, धापा टाकून. हवा दमट असली की ते पाणी उडत नाही आणि धाप असून उपयोग नसतो, म्हणून कोरड्या हवेतले २४ डिग्री परवडतात आणि पाऊस पडून गेल्यावरचे २४ नाही परवडत. निघताना तळहाताची मागची बाजू डांबरावर ७ सेकंद ठेवा, ठेवता आली नाही तर घरी जा.

राइडवर असताना जिभेवर लक्ष ठेवा. जीभ लांब आणि टोकाला चमच्यासारखी रुंद झाली, हिरड्या लालभडक किंवा जांभळट, लाळ घट्ट चिकट, कुत्रा मागे पडतोय, पावलं वाकडी पडताहेत, उलटी झाली, यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबायचं, अजून अर्धाच किलोमीटर राहिलाय असा विचार करायचा नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८ ते ३९ च्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की जिवाशी खेळ. सावलीत घ्या, साधं थंड पाणी अंगावर ओता, पोट, जांघा, काखा, पंजे, आणि वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते. आधी थंड करायचं, मग गाडीत घालून डॉक्टरकडे, रिक्षा शोधण्यात पहिली १० मिनिटं घालवायची नाहीत. आणि कुत्रा सावरला, शेपूट हलवायला लागला तरी त्याच दिवशी दाखवून आणा, आतल्या अवयवांवरचा परिणाम नंतर दिसतो.

खाणं-पाणी

मुख्य जेवण संध्याकाळी. राइडच्या आधी ३-४ तास पोटात काही नको, आल्यावर निदान तासभर थांबून. जीएसडी, डोबरमनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये भरल्या पोटी पळवल्यावर पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ढोलासारखं टणक, उलटीचा नुसता उमाळा पण बाहेर काही नाही, अस्वस्थ फेऱ्या, असं दिसलं तर हिंग-जिरं करत बसू नका, हे ऑपरेशनचं काम आहे आणि तासाभराचा खेळ असतो.

दूध-पोळीवरचा कुत्रा २० किलोमीटर करणार नाही. लांब अंतराला कुत्र्याचं शरीर फॅटवर चालतं, आपल्यासारखं भातावर नाही. चिकन, अंडी, मटणाचे तुकडे किंवा चांगल्या प्रतीचं ड्राय फूड, आणि अंतर वाढेल तसं हळूहळू प्रमाण वाढवायचं. आदल्या रात्री जास्तीचं खायला घालून काही होत नाही, सकाळी जुलाब होतात फक्त.

पाणी थोडं थोडं आणि वरचेवर. दर ब्रेकला अर्धी वाटी, दोन मिनिटांनी परत अर्धी. इलेक्ट्रॉल वगैरे पाजायची गरज नाही, घामावाटे त्याचं मीठ जात नाही. आणि लंगडतोय म्हणून घरातली पेनकिलर कधीच नाही, माणसाची ब्रुफेन, क्रोसिन कुत्र्याला विषासारखी लागू शकते.

पंजे

बरीच कुत्री दमून नाही, पंज्यामुळे बाहेर पडतात. गाद्या टणक व्हायला फक्त वेळ लागतो, कुठल्या तेलाने होत नाहीत. उलट पळायच्या आधी काही लावलं तर मऊ पडून लवकर सोलवटतात, पावसात भिजलेल्या गाद्यांचंही तेच होतं, म्हणून ओल्या डांबरावर अंतर कमी. प्रत्येक राइडनंतर पंजे धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यात बघा, काटा, खडी, गोचीड. गुलाबी ठिपका दिसला, कातडीचा पापुद्रा सुटला किंवा कुत्रा एकच पंजा चाटत बसला तर ३-४ दिवस सुटी. रात्री किंचित व्हॅसलीन चालेल, भेगा असतील तर. नखं फरशीला लागत असतील तर कापा, लांब नखाने अख्खा पंजा चुकीचा पडतो.

टेस्टच्या दिवशी

सगळ्यात मोठा बदल म्हणजे गर्दी. तिथे बाकीची कुत्री शेजारीच पळत असतात, मागून जजची गाडी नाहीतर सायकल, आणि दमलेल्या कुत्र्यांना उचलायला एक वाहन. एकट्याने १६ किलोमीटर लयीत पळणारा कुत्रा तिथे पहिली दहा मिनिटं नुसता ओढतो. म्हणून डिसेंबरमध्ये निदान काही राइड दोन-तीन कुत्र्यांबरोबर करा, आधी लांब अंतर ठेवून, मग जवळ, कधी पुढे कधी मागे.

सुरुवातीला शेवटी राहायला काही हरकत नाही, पुढच्याचा पाठलाग करायचा नाही, आपला १३ चा आकडा धरून बसायचं. ब्रेकमध्ये जज प्रत्येक कुत्रा बघतात, पंजे, दम, चाल. तुम्हीही बघा, आणि काही दिसलं तर लपवू नका, पुढच्या हिवाळ्यात परत येता येतं. शेवटच्या ५ किलोमीटरमध्ये बरीच कुत्री गप्प होऊन लयीत पळतात, दमतो तो हॅन्डलर, आणि स्पीड १२ च्या खाली त्याच्यामुळे येतो. संपल्यावर लगेच बसवायचं नाही, १० मिनिटं चालवत ठेवा, मग पाणी, मग आडवा. त्यानंतरचं आज्ञापालन सोपं असतं, पण दमलेल्या कुत्र्याकडून फूसमध्ये (हॅन्डलरच्या पायाला लागून) चालायची सवय आधी केलेली असेल तर. म्हणून प्रॅक्टिसच्या लांब राइडनंतर दर वेळी दोन मिनिटं तेवढं करून घ्यायचं.

घरी आल्यावर दोन दिवस फक्त साधं फिरणं. लघवीचा रंग एकदा बघून घ्या, काळ्या चहासारखी गडद आली तर स्नायूंना मार बसलाय, तडक डॉक्टरकडे. उठताना थोडा ताठरलेला वाटेल, ते दुसऱ्या दिवसापर्यंत जातं. तिसऱ्या दिवशीही लंगडत असेल तर दाखवा.